विमानतळाजवळचं ५जी आणि लॅबमधलं ‘बर्स्ट’ बटण

विमान पुण्यात उतरायला लागलं की घोषणा होते: फोन फ्लाइट मोडवर टाका. आपण रील अर्धवट सोडून, थोडं कुरकुरतच ते करतो. पण गेल्या काही वर्षांत ज्या ५जीमुळे विमान कंपन्या खरोखर धास्तावल्या, ते तुमच्या हातातल्या फोनमधलं नव्हतं. ते धावपट्टीच्या कुंपणाबाहेरच्या टॉवरवरचं होतं.

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. दोन महिनेही झाले नव्हते, तोच नोव्हेंबरच्या अखेरीस दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना पत्र पाठवलं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि तिच्या मधल्या रेषेपासून ९१० मीटर, एवढ्या भागात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातले टॉवर बसवू नका. त्या पलीकडच्या ५४० मीटरमध्ये बसवलेत तरी ताकद मर्यादित ठेवा. तेव्हा नागपूर आणि पुणे विमानतळांवर एअरटेलची ५जी केंद्रं आधीच लागली होती. विमानतळावर उतरून ‘इथे ५जी का दाखवत नाही’ म्हणून फोन रीस्टार्ट करणाऱ्यांना या पत्राची कल्पना नसते.

या बंदीची बातमी सगळीकडे आली. ‘५जीमुळे विमानाला धोका’ असं म्हणणारे आणि ‘काही होत नाही, उगाच घाबरवतात’ असं म्हणणारे, दोघेही जोरात होते. धोका आहे की नाही हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत नक्की कोणता सिग्नल सोडून बघायचा, याबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही. खरी मेख तिथे आहे. लॅबमधल्या सिग्नल जनरेटरवर ‘बर्स्ट’ नावाचं एक बटण असतं. ते नीट सेट केलं नाही तर चाचणी करूनही आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर घेऊन बाहेर पडतो.

विमान उंची कशी मोजतं

विमानात उंची मोजायची दोन साधनं असतात. एक हवेच्या दाबावर चालतं. दुसरं म्हणजे रेडिओ अल्टिमीटर. ते पोटाखालून जमिनीकडे रेडिओ लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं. ढग, धुकं किंवा रात्र असली की उतरताना शेवटच्या काहीशे फुटांत यालाच महत्त्व असतं.

विमान १०० फुटांवर, म्हणजे साधारण ३० मीटरवर असेल तर लहरीला जाऊन-येऊन ६० मीटर अंतर पडतं. त्याला वेळ लागतो ०.२ मायक्रोसेकंद. एवढा वेळ थेट मोजण्यापेक्षा यंत्र एक युक्ती करतं. ते ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपली फ्रिक्वेन्सी सतत वर-खाली सरकवत राहतं. प्रतिध्वनी परत येईपर्यंत मूळ लहर थोडी पुढे सरकलेली असते. दोघांतला फरक म्हणजे उंची.

हे आकडे चुकले तर काय होतं? २५ फेब्रुवारी २००९ ला टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७ ॲमस्टरडॅमला उतरत होतं. डाव्या बाजूचा अल्टिमीटर विमान हवेत असतानाच उणे ८ फूट दाखवायला लागला. इंजिनाची ताकद सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेला वाटलं, आपण टेकलोच. तिने ताकद काढून घेतली, वेग गेला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळलं. ९ माणसं गेली. याचा ५जीशी काहीही संबंध नव्हता, तेव्हा ५जी अस्तित्वातच नव्हतं. पण या एका आकड्यावर विमानातलं काय काय अवलंबून असतं, ते यावरून कळतं.

आता ५जीचा पट्टा ३.६७ ला संपतो आणि अल्टिमीटरचा ४.२ ला सुरू होतो. मध्ये ५३० मेगाहर्ट्झ मोकळे आहेत. मग भांडण कसलं? भांडण जुन्या फिल्टरचं आहे. वर्षानुवर्षं शेजारच्या पट्ट्यात फक्त उपग्रहांकडून येणारे अगदी क्षीण सिग्नल असायचे, म्हणजे केबलवाल्याच्या गच्चीवरची ती मोठी छत्री जे पकडते ते. शेजारी शांत होते, म्हणून अल्टिमीटर बनवणाऱ्यांनी दारं-खिडक्या फार घट्ट लावल्या नाहीत. ५जीचा दणकट टॉवर शेजारी राहायला आला आणि आवाज आत येऊ लागेल अशी भीती निर्माण झाली.

अमेरिकेत हे अंतर आणखी कमी आहे. तिथला ५जीचा पट्टा ३.९८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे मध्ये उरतात फक्त २२० मेगाहर्ट्झ. जानेवारी २०२२ मध्ये तिथे तो सुरू होताना एअर इंडियाने अमेरिकेला जाणारी काही विमानं रद्द केली होती, ते अनेकांना आठवत असेल. तिथे विमान कंपन्यांना फिल्टर बदलायला १ जुलै २०२३ ची मुदत मिळाली. आपल्याकडच्या पत्रातही बंदी कायमची नव्हती. अल्टिमीटरचे फिल्टर बदलून होईपर्यंतच ती ठेवायची होती.

टॉवर सतत बोलत नाही

स्पीकरजवळ फोन ठेवला आणि कॉल यायच्या आधीच ‘टुक-टुडुक-टुडुक’ असा आवाज आला, हे तुम्ही ऐकलं असेल. निदान घरातल्या मोठ्यांना विचारा. २जीचा फोन सलग बोलत नाही. ४.६१५ मिलिसेकंदांची एक फेरी असते, तिचे आठ भाग, आणि फोनला त्यातला एकच भाग मिळतो: ५७७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात जोरात बोलायचं आणि गप्प बसायचं. सेकंदाला सुमारे २१७ वेळा. फोनची फ्रिक्वेन्सी ९०० मेगाहर्ट्झ, ती कानाला ऐकू येणं शक्यच नाही. पण हा चालू-बंदचा ताल २१७ हर्ट्झचा, तो अगदी ऐकू येण्याजोगा. स्पीकरच्या सर्किटने मूळ लहर टाकून दिली आणि ताल तेवढा पकडला. फोन तेवढ्याच ताकदीने सलग बोलत राहिला असता तर ती टुक-टुक आलीच नसती.

म्हणजे त्रास द्यायला फक्त जोर लागत नाही, तालही लागतो. अशा थोडा वेळ चालू, मग बंद असणाऱ्या सिग्नलच्या तुकड्यालाच इंग्रजीतून आलेला शब्द आहे बर्स्ट.

५जीचा टॉवरही असाच तुकड्यांत बोलतो. आपल्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात. अर्ध्या मिलिसेकंदाचा एक स्लॉट. एका प्रचलित मांडणीत तीन स्लॉट टॉवरचे, एक मिसळ आणि एक फोनचा. अडीच मिलिसेकंदांची फेरी, म्हणजे ४०० हर्ट्झचा ताल. ही झाली गर्दीच्या वेळची गोष्ट.

रात्री तीन वाजता, टॉवरखाली कोणी नसताना काय होतं ते जास्त मजेशीर आहे. तेव्हाही टॉवर ‘मी इथे आहे’ अशी हाळी देत राहतो, नाहीतर तुमच्या फोनला नेटवर्क सापडायचं कसं? ही हाळी म्हणजे जास्तीत जास्त आठ छोटे तुकडे, प्रत्येक सुमारे १४३ मायक्रोसेकंदांचा, सरासरी पाव मिलिसेकंदाच्या अंतराने. दोन मिलिसेकंदांत आठही संपतात. मग शांतता. साधारणपणे २० मिलिसेकंदांनी पुन्हा तेच.

हिशोब करू. आठ गुणिले १४३ म्हणजे जेमतेम १.१४ मिलिसेकंद. २० पैकी १.१४. टॉवर सुमारे पावणेसहा टक्के वेळ चालू आणि बाकी सगळा वेळ गप्प. सरासरी ताकद मोजणारं मीटर लावलंत तर ते खऱ्या झटक्याच्या साडेसतराव्या हिश्श्याइतकाच आकडा दाखवेल. एखाद्याने तेवढ्याच सरासरीचा सलग सिग्नल अल्टिमीटरवर सोडला, अल्टिमीटरला काही झालं नाही आणि अहवालात ‘पास’ लिहिलं, तर तो अहवाल खोटा नाही. पण खऱ्या सिग्नलबद्दल तो काही सांगत नाही.

उलट बाजूही बघा. सगळी ताकद लावून सलग सिग्नल सोडला तर चाचणी जास्त कडक झाली ना? नेहमीच नाही. रिसीव्हरमध्ये आपोआप आवाज कमी-जास्त करणारी यंत्रणा असू शकते. सलग गोंगाट असला की ती स्वतःला कमी करून स्थिर होते. झटके येत-जात राहिले की तिला स्थिर व्हायला वेळ मिळत नाही. प्रत्येक झटक्यानंतर सावरायला काही क्षण जातात आणि नेमका प्रतिध्वनी त्या क्षणांतच येऊ शकतो.

बाकावर बसून करायचं काय

प्रमाणित चाचणीत महागडा व्हेक्टर सिग्नल जनरेटर खऱ्या ५जीसारखा संपूर्ण सिग्नलच तयार करतो. पण तालाचा परिणाम समजून घ्यायला इंजिनीअरिंग कॉलेजात असलेला साधा फंक्शन जनरेटर पुरतो. तो ३.५ गिगाहर्ट्झ देऊ शकत नाही, तो असतो २०, ३० किंवा ६० मेगाहर्ट्झचा. म्हणून काम वाटून द्यायचं. मूळ लहर आरएफ जनरेटर देतो आणि ती कधी चालू, कधी बंद हे फंक्शन जनरेटर ठरवतो. त्याची बीएनसी केबल आरएफ जनरेटरच्या ‘पल्स मॉड्युलेशन’ इनपुटला लावायची. हे सगळं केबलमधून आणि ॲटेन्युएटर लावून करायचं. अँटेना लावून हवेत सोडलंत तर परवानगीशिवाय प्रक्षेपण केल्याचा गुन्हा होतो, शिवाय शेजारच्यांचं नेटवर्क जाईल ते वेगळंच.

आउटपुट चालू करण्याआधी ‘लोड’ची सेटिंग बघा. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण निम्म्या चुका इथेच होतात. जनरेटरच्या आत ५० ओहमचा रोध असतो. स्क्रीनवर लोड ५० ओहम ठेवला की यंत्र धरून चालतं की समोरही ५० ओहम आहेत आणि व्होल्टेज निम्मं वाटलं जाणार. समोरचं इनपुट प्रत्यक्षात हाय-झेड असेल, म्हणजे करंट जवळजवळ घेतच नसेल, तर वाटणी होत नाही आणि स्क्रीनवरच्या दुप्पट व्होल्टेज जातं. तुम्ही टाकलेत ३.३ व्होल्ट, पोहोचले ६.६. आरएफ जनरेटरचं इनपुट जळालं की कॉलेजात पुढचे सहा महिने कोटेशनचे कागद फिरतात. समोरच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये इनपुटचा रोध बघायचा आणि तोच इथे टाकायचा.

मग वेव्हफॉर्म पल्स, फ्रिक्वेन्सी ४ किलोहर्ट्झ (पाव मिलिसेकंदाचं अंतर म्हणजे तेच), पल्सची रुंदी १४३ मायक्रोसेकंद. खालची पातळी ० आणि वरची ३.३ व्होल्ट. काही यंत्रं वर-खालीऐवजी ॲम्प्लिट्यूड आणि ऑफसेट मागतात. तेव्हा ३.३ आणि १.६५. ऑफसेट विसरलात तर पल्स उणे १.६५ पासून अधिक १.६५ पर्यंत जाईल आणि समोरच्या इनपुटला तो ‘चालू’ वाटेलच याची खात्री नाही.

आता ‘बर्स्ट’ दाबा. दोन मुख्य प्रकार दिसतील: एन-सायकल आणि गेटेड. आपल्याला एन-सायकल हवा, कारण आकडा ठरलेला आहे. सायकल ८. बर्स्ट पिरियड २० मिलिसेकंद. ट्रिगर इंटर्नल. इथे दोन पिरियडांचा घोळ होतो. एक पल्सचा, पाव मिलिसेकंदाचा. दुसरा संपूर्ण गटाचा, २० मिलिसेकंदांचा. आठ पल्सना दोन मिलिसेकंद लागतात, म्हणून गटाचा पिरियड त्याहून मोठा असलाच पाहिजे. चुकून २० च्या जागी १ टाकलात तर बरीच यंत्रं तो आकडा स्वतःच बदलून घेतात, कधीकधी फक्त एक छोटी बीप देऊन. टाकलेला आकडा स्क्रीनवर टिकला का, हे पुन्हा वाचायची सवय लावा.

गेटेड प्रकारात पल्स किती ते तुम्ही सांगत नाही. बाहेरून आलेला एक सिग्नल दार उघडतो आणि बंद करतो, दार उघडं असेपर्यंत पल्स जात राहतात. खऱ्या उपकरणाच्या तालावर चालायचं असेल तर हा बरा. पण एक खोच आहे: दार बंद झालं तरी चालू असलेली सायकल पूर्ण करूनच यंत्र सहसा थांबतं. शिवाय दार वरच्या पातळीला उघडायचं की खालच्या, याची पोलॅरिटी उलटी पडली तर शांततेत गोंगाट आणि गोंगाटाच्या जागी शांतता मिळते. स्कोपवर दोन्ही चित्रं पहिल्या नजरेत सारखीच वाटतात!

शांततेच्या वेळी आउटपुट कुठल्या पातळीवर थांबतं हेही बघायला हवं. साइन वेव्हचा बर्स्ट असेल तर सुरुवातीचा फेज जिथे आहे तिथल्या व्होल्टेजला यंत्र वाट बघतं. फेज ० असेल तर मधल्या पातळीला, ९० असेल तर शिखरावर. काही जनरेटरमध्ये ‘आयडल लेव्हल’ अशी वेगळी सोयच असते. आपल्या पल्सला ती तळाशी, म्हणजे ० व्होल्टवर हवी. ती वर राहिली तर आरएफ जनरेटर १८ मिलिसेकंद सलग ओरडत राहील आणि तुमची पावणेसहा टक्क्यांची चाचणी जवळजवळ सलग सिग्नलची होऊन बसेल. स्क्रीनवरचे बाकी सगळे आकडे मात्र बरोबर.

शेवटी स्कोप. स्कोपचा ट्रिगर सिग्नलच्या चॅनलवर ठेवलात तर तो आठांपैकी कुठल्याही पल्सवर पकडेल आणि चित्र नाचत राहील. जनरेटरच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला ‘सिंक’ असं आउटपुट असतं, ते स्कोपला देऊन त्यावर ट्रिगर करा. प्रत्येक गटाला तो एकदाच येतो. मग आठ पल्स मोजा. हो, बोट ठेवून मोजा.

मग बंदी बरोबर होती की चूक?

वर सांगितलेली मांडणी हे खऱ्या ५जीचं सोपं केलेलं रूप आहे. हाळीचे तुकडे प्रत्यक्षात अगदी समान अंतराने नसतात. शिवाय ते टॉवरच्या पूर्ण पट्ट्याचा छोटासा भागच वापरतात, १०० मेगाहर्ट्झपैकी सुमारे ७. त्यामुळे रिकाम्या टॉवरचा झटका गर्दीच्या वेळच्या टॉवरइतका दणकट नसतो. गर्दीच्या वेळी जोर जास्त पण सरासरी आणि शिखर जवळजवळ, रात्री जोर कमी पण दोघांत मोठी दरी. म्हणून एकच ताल तपासून भागत नाही. ४०० हर्ट्झचा वेगळा, २० मिलिसेकंदांचा वेगळा.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. अल्टिमीटरही आपली फ्रिक्वेन्सी एका तालात सरकवत असतो. लॅबमध्ये दोन्ही यंत्रं एकाच १० मेगाहर्ट्झ संदर्भ घड्याळाला जोडली तर दोन्ही ताल एकमेकांना धरून चालतात आणि झटका दर वेळी त्याच जागी पडतो. ती जागा निरुपद्रवी असेल तर तासभर चाचणी करूनही काही सापडणार नाही. म्हणून ट्रिगर डिले थोडा थोडा सरकवत पुन्हा मोजायचं किंवा घड्याळं सुटी ठेवून झटका सगळीकडून फिरू द्यायचा. आकाशात टॉवर आणि विमान यांची घड्याळं कोणी जोडून ठेवलेली नसतात.

हे सगळं लक्षात घेतलं की २.१ किलोमीटर आणि ९१० मीटरचा निर्णय मला घाबरटपणाचा वाटत नाही, पण ढोबळ नक्कीच वाटतो. विमानांत अल्टिमीटर एका जातीचे नाहीत, त्यांचे फिल्टर वेगवेगळे, काही कित्येक दशकं जुन्या रचनेचे. प्रत्येक जातीवर प्रत्येक ताल तपासायला वेळ लागतो आणि ५जीची लगीनघाई तोवर थांबणार नव्हती. अशा वेळी अंतर ठेवणं हा सर्वांत स्वस्त फिल्टर असतो. त्याची किंमत विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी मोजली. आपला ५३० मेगाहर्ट्झचा मोकळा पट्टा अमेरिकेच्या २२० पेक्षा दुपटीहून जास्त असूनही मोजली, हे इथे नोंदवायलाच हवं. ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जी या पत्राच्या कक्षेत नव्हतं. त्यामुळे ज्या कंपनीकडे तो पट्टा होता तिला धावपट्टीजवळही वाट मोकळी होती आणि नव्हता तिला नाही. सुरक्षेचा नियम बाजारात सगळ्यांना सारखा लागत नाही, तो असा.

अंतर कमी करायचं असेल तर त्यासाठी अहवाल लागतील. पुढच्या वेळी ‘चाचणीत काही आढळलं नाही’ अशी बातमी वाचाल, तेव्हा सोडलेला सिग्नल सलग होता की तुकड्यांत, ताकद सरासरी सांगितली आहे की शिखराची आणि किती ताल तपासले, हे शोधून बघा. बहुतेक बातम्यांत ते नसतं. कॉलेजच्या लॅबची चावी मिळत असेल तर एका जुन्या कॉम्प्युटर स्पीकरच्या इनपुट वायरजवळ फंक्शन जनरेटरची उघडी वायर ठेवा, १ मेगाहर्ट्झची साइन लावा, आधी सलग आणि मग बर्स्टमध्ये: सायकल ५७७, बर्स्ट पिरियड ४.६१५ मिलिसेकंद. पहिल्या वेळी स्पीकर बहुधा गप्प राहील. दुसऱ्या वेळी वायर पुरेशी जवळ असेल तर २जीच्या फोनची ती ओळखीची गुणगुण ऐकू येईल.